कमी पाणी, जास्त दाब

नगर जिल्ह्यातल्या श्रीरामपूर तालुक्यात, प्रवरा नदीच्या डाव्या तीरावर दायमाबाद आहे. त्याच जिल्ह्यातल्या राहाता गावाहून आग्नेयेला तीसेक किलोमीटर. १९७४ साली तिथे मिळालेल्या कांस्यरथामुळे हे नाव पुस्तकांत गेलं. पण १९७६ ते १९७९ या काळात एस. ए. साळी यांच्या देखरेखीखाली झालेल्या उत्खननात त्याहून कितीतरी साधी एक वस्तू हाती लागली. उत्तर हडप्पा काळातल्या थरात एक दफन होतं आणि ते मातीच्या कच्च्या विटांनी बांधून काढलेलं होतं. विटांच्या लांबी, रुंदी आणि जाडीचं प्रमाण ४:२:१ असं भरलं. सिंधू खोऱ्यातल्या शहरांमध्येही हेच प्रमाण सापडतं. सुमारे चार हजार वर्षांपूर्वी प्रवरेकाठी कुणीतरी मोजूनमापून विटा पाडत होतं.

मोजून पाडायच्या म्हणजे चौकट आली. रुंदी लांबीच्या निम्मी ठेवली की दोन आडव्या विटा एका उभ्या विटेच्या लांबीत बसतात, वरच्या थराचा सांधा खालच्या सांध्यावर येत नाही आणि भिंत एकजीव होते. हे गणित पुढेही टिकलं. ब्रिटिश अमदानीत रुळलेली वीट नऊ इंच लांब आणि साडेचार इंच रुंद होती. आजच्या भारतीय मानकातली १९० × ९० × ९० मिलिमीटरची वीट दहा मिलिमीटर दर्जेसह २०० × १०० × १०० मध्ये चपखल बसते. आकाराचा प्रश्न असा फार लवकर सुटला. विटेच्या धंद्यात खरी झटापट चालू राहिली ती मातीतल्या पाण्याशी, आणि हाताने चालवायची वीटयंत्रं त्या झटापटीतूनच आली.

दिवाळी सरली, जमिनीतली ओल बसली, की गोदावरी-प्रवरा पट्ट्यात वीटभट्ट्यांचा हंगाम सुरू होतो आणि मृगाच्या आधी आटोपतो. मजुरांच्या जोडीला आधी उचल दिलेली असते. हिशोब हजार विटांमागे. माती खणून, ढेकळं फोडून ती खड्ड्यात भिजत घालतात. रात्रभर मुरली की पायाने तुडवतात. तिच्यात राख, तूस किंवा चिपाडाचा भुसा मिसळतात. मग साचा: सागवानी चौकट, कडांना लोखंडी पट्टी. ती पाण्यात बुडवायची किंवा वाळूत घोळवायची, म्हणजे चिखल चिकटत नाही. गोळा दोन्ही हातांनी उचलून जोराने साच्यात आपटायचा, अंगठ्याने कोपरे दाबायचे, वरचा जादा चिखल पट्टीने निपटायचा आणि साचा सपाट जमिनीवर पालथा करून अलगद उचलायचा. वीट खाली राहते, साचा पुढे जातो. सराईत जोडी दिवसाकाठी हजार विटांच्या आसपास पाडते.

या सगळ्या हालचालीत एक अडचण दडलेली आहे. माणसाच्या हातात फार जोर नसतो. हाताने टाकलेला गोळा साच्याच्या आठही कोपऱ्यांत जायचा असेल तर चिखल मऊच हवा, आणि मऊ हवा म्हणजे पाणी जास्त हवं. ओल्या विटेच्या वजनात पाण्याचा वाटा पाव हिश्श्याच्या घरात जातो. ते पाणी उन्हात उडून गेलं की विटेचं अंग आकसतं. म्हणून साचाच मुळात विटेपेक्षा सुमारे एक दशांशाने मोठा करतात. आकसताना वीट वाकते, कडा गोलावतात, पोटात बारीक पोकळ्या राहतात. अवकाळीचा एक शिडकावा आला तर अंगणातला सगळा माल पुन्हा चिखल होतो.

काळ्या मातीत हे दुखणं दुप्पट होतं. राहाता तालुक्याची बरीचशी जमीन खोल काळी. कपाशीला, उसाला ती सोन्यासारखी, पण विटेला वैरीण. तिच्यात मोंटमोरिलोनाइट जातीचे चिकणकण असतात, त्यांच्या पापुद्र्यांत पाणी शिरतं आणि माती फुगते. पाणी गेलं की ती इतकी आवळते की उन्हाळ्यात शेतात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. अशा मातीची वीट सुकतानाच तडकते. म्हणून वीटवाले नदीकाठचा पोयटा शोधतात, गाळ आणतात, नाहीतर काळ्या मातीत भरपूर राख घालून तिचा ताठा मोडतात.

या भागाची जुनी घरं पाहिली तर पक्क्या विटेला तिथे फारशी जागा नव्हती हे लगेच कळतं. गावठाणातल्या पांढऱ्या मातीच्या भिंती, वर धाबं, ऐपत असेल तर काळ्या पाषाणाचं जोतं. राहात्याच्या शेजारच्या शिर्डीतली साईबाबांची मशीद मूळची मातीचीच होती आणि नागपूरच्या बापूसाहेब बुटींनी बांधलेल्या वाड्याला लोक ‘दगडी वाडा’ म्हणत. तिथली सगळ्यांत प्रसिद्ध वीट भिंतीत नव्हतीच. बाबा ज्या विटेवर टेकून बसत आणि रात्री जी उशाला घेत, ती १९१८ साली त्यांच्या निधनाच्या थोडे दिवस आधी झाडलोट करताना पडून फुटली, अशी हकिगत ‘श्रीसाईसच्चरितात’ येते.

पक्की वीट या मुलखात मोठ्या प्रमाणावर आली ती कालव्यांच्या मागोमाग. गोदावरीवरच्या नांदूर मधमेश्वर बंधाऱ्यातून निघणारे कालवे, त्यांना पाणी पुरवणारं १९१६ साली पुरं झालेलं दारणा धरण, दक्षिणेकडे प्रवरेचे कालवे आणि १९२६ सालचं भंडारदरा धरण, यांनी कोरडवाहू गावांचा बागायती पट्टा केला. ऊस आला, उसामागे साखर कारखाने आले. १९५० सालच्या डिसेंबरअखेर लोणीजवळ विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या प्रवरा सहकारी कारखान्याचा पहिला गळीत हंगाम सुरू झाला. कारखाना म्हणजे नुसती यंत्रं नव्हेत. चाळी, कचेऱ्या, गोदामं, शाळा, दवाखाना, बँक. दगड घडवायला वेळ लागतो आणि पाथरवट महाग. वीट हवी होती आणि लाखांनी हवी होती.

एव्हाना युरोप-अमेरिकेत हाताच्या वीटयंत्राला दीडशे वर्षं उलटून गेली होती.

तिथे सुरुवात झाली ती माती कालवण्यापासून. उभ्या पिंपात पाती बसवलेला खांब आणि त्याला जुंपलेला घोडा: वरून टाकलेली माती पात्यांत कापली जाऊन, मळली जाऊन खालच्या तोंडातून बाहेर पडे. आपल्याकडे बैलांनी फिरवायच्या चुन्याच्या घाणीने जे काम चुना मळायला केलं, तेच काम या पिंपाने मातीसाठी केलं. पायाची तुडवणी वाचली, माती एकसारखी झाली. थापणी मात्र अजून हातीच राहिली.

दाबाचा विचार फ्रान्समधून आला. ल्याँ शहराचे फ्रांस्वा क्वांतरो, जन्म १७४०, हे धुमसून बांधलेल्या मातीच्या भिंतींचे कडवे पुरस्कर्ते. दोन फळ्यांच्या मधे जेमतेम ओलसर माती घालून ती धुमसाने चोपत चोपत भिंत उभी करायची, ही त्या भागातली जुनी रीत. क्वांतरोंनी विचार केला, की अख्खी भिंत जागेवर धुमसण्याऐवजी तिचे तुकडे आधी दाबून घेतले तर? द्राक्षांचा रस काढायच्या दाबयंत्रावरून त्यांनी ‘क्रेसीझ’ नावाचं यंत्र बेतलं. त्यात घालायची माती चिखल नव्हती; मुठीत दाबली तर गोळा होईल इतपतच ओलसर. जोर हाताऐवजी यंत्राने दिला म्हणून पाणी कमी लागलं, आणि पाणी कमी म्हणून ठोकळा आकसला नाही. पुढच्या दोनशे वर्षांत झालेल्या, ओलसर माती दाबणाऱ्या हातयंत्रांचा गाभा इथेच आहे.

इंग्लंडमध्ये गोष्टी वेगळ्या वाटेने गेल्या, आणि त्याला सरकारी कर कारण झाला. १७८४ साली तिथे हजार विटांमागे कर बसला. तो भाजण्याआधी, कच्च्या विटा मोजूनच घेतला जाई. कारखानदारांनी विटा मोठ्या करून कर चुकवायला सुरुवात केली, तेव्हा १८०३ साली ठरावीक मापाहून मोठ्या विटेवर दुप्पट कर लागला. हा कर १८५० साली उठेपर्यंत विटेत नवं काही करून पाहण्याचा हुरूप थोडा कमीच होता. शेतातलं साचलेलं पाणी वाहून नेणाऱ्या मातीच्या नळ्यांना मात्र १८२६पासून सूट होती. अट एवढीच, की त्यांच्यावर ‘ड्रेन’ असा शिक्का हवा. परिणामी यंत्रं आधी नळ्यांची निघाली. चेशरच्या टॉमस स्क्रॅग यांच्या नळीयंत्राला १८४५ साली रॉयल ॲग्रिकल्चरल सोसायटीचं बक्षीस मिळालं. या जातीच्या यंत्रांची रचना सोपी. लोखंडी पेटीत मळलेली माती भरायची, झाकण लावायचं, दांडा फिरवला की दट्ट्या पुढे सरकतो आणि समोरच्या भोकातून माती सलग बाहेर येते. ताणलेल्या तारांची चौकट खाली ओढली की हव्या लांबीचे तुकडे पडतात. भोक गोल असेल तर नळी, चौकोनी असेल तर वीट.

या यंत्राला साच्यातल्यापेक्षा घट्ट माती लागे, पण अगदी कोरडी चालत नसे. भोकातून सरकण्याइतका ओलावा तिला हवाच. शिवाय खडा अडकला की तार तुटायची आणि विटेच्या अंगावर ओरखडा उठायचा.

अमेरिकेत, विशेषतः फिलाडेल्फियाच्या बाजूला, तिसरा मार्ग रुळला. वीट आधी नेहमीसारखी हातानेच थापायची. नखाने ओरखडा उठेल पण बोट रुतणार नाही, इतकी ती सुकू द्यायची. मग ती हातदाबयंत्राच्या लोखंडी खणात ठेवून लांब दांड्याने दाबायची. दांडा खाली आला की वरचा ठसा विटेवर बसे. दांडा परत गेला की खणाचा तळ वर येऊन वीट उचलून देई. पाणी उन्हाने आधीच घालवलेलं असल्यामुळे वीट पुढे फारशी आकसत नसे. कडा सुरीसारख्या, तोंड गुळगुळीत, पाठीवर खळगा आणि त्या खळग्यात कारखान्याचं नाव. रस्त्याकडच्या दर्शनी भिंतीला या विटा, आतल्या भिंतींना साध्या, अशी घरं तिथे सर्रास बांधली गेली. या यंत्राने मेहनत वाचवली नाही, उलट एक टप्पा वाढवला. लोक पैसे मोजत ते देखणेपणाचे.

हिंदुस्थानात एकोणिसाव्या शतकात विटांची सर्वांत मोठी भूक उत्तरेकडच्या कालव्यांची. १८५४ साली सुरू झालेल्या गंगा कालव्यावरचा, रुडकीजवळचा सोलानी जलसेतू विटांचाच आहे. गंगेच्या मैदानात दगड नाही, पोयटा हवा तितका. दख्खनमध्ये नेमकं उलट. इथले सरकारी अभियंते काळ्या पाषाणावर विसंबून राहिले. भंडारदऱ्याची भिंतही दगडी. शिवाय उत्तरेतही थापणारे हात इतक्या कमी मजुरीत मिळत, की विलायतेहून आणलेलं यंत्र परवडणं कठीण होतं. सुधारणा झाली ती भट्टीत. विल्यम बुल यांनी १८७६ साली पुढे आणलेली लांबट चराची भट्टी देशभर पसरली. विटा मात्र साच्यातच पडत राहिल्या.

हाताच्या दाबयंत्राने आपल्याकडे घर केलं ते कौलांच्या रूपाने. बासेल मिशनच्या गेऑर्ग प्लेब्स्ट यांनी १८६५च्या सुमारास मंगळूरजवळ जेप्पू इथे कौलांचा कारखाना काढला. कौल म्हणजे पातळ, खाचाखोचांचं काम. हाताने थापून दोन कौलं एकमेकांत अडकतील याची खात्री नाही. म्हणून मळलेल्या मातीचा चपटा तुकडा दोन लोखंडी ठशांच्या मधे ठेवून दाबायचा. मंगळुरी कौलं समुद्रमार्गे मुंबईला आणि तिथून रेल्वेने देशावर आली. स्टेशनं, शाळा, कालव्यांवरचे बंगले यांच्या छपरांवर ती दिसू लागली आणि कुंभाराच्या चाकावरची नळीची कौलं मागे पडली. वीट जड आणि स्वस्त. ती दूर नेणं परवडत नाही. कौल हलकं आणि महाग, त्यामुळे त्याला यंत्राचा खर्च पेलला.

यंत्र हातानेच चालावं पण काम वाढावं, हा विचार नगर जिल्ह्याला परका नव्हता. अमेरिकन मराठी मिशनचे अभियंते डी. सी. चर्चिल यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अहमदनगरात हातमाग सुधारला आणि ‘चर्चिल माग’ देशभरच्या विणकामाच्या चर्चेत आला. विणकराच्या मागात सुधारणा झाली, विटेच्या साच्यात नाही. वीट थापणाऱ्याचा वेळ कुणी मोजत नव्हतं.

पुढचा टप्पा मातीबाहेरचा. अमेरिकेतल्या हार्मन पामर यांनी १९०० साली सिमेंट काँक्रीटच्या पोकळ ठोकळ्यांच्या यंत्राचं पेटंट घेतलं. बिजागऱ्यांवर उघडणाऱ्या बाजू आणि मधली पोकळी पाडणारा, काढता येणारा गाभा, अशी ती लोखंडी पेटी. काँक्रीट पातळ ओतलं असतं तर घट्ट होईपर्यंत पेटी अडकून पडली असती. म्हणून पामर यांच्या पद्धतीत मिश्रण जेमतेम ओलसर ठेवून ते धुमसायचं. बाजू उघडल्या की ठोकळा तसाच उभा राहतो आणि पेटी लगेच दुसऱ्याला मोकळी. पुढच्या काही वर्षांत सीअर्स रोबक कंपनीने असली यंत्रं टपालाने विकली आणि अमेरिकेतल्या शेतकऱ्यांनी स्वतःच्या परसात ठोकळे पाडून घरं बांधली.

हाताच्या वीटयंत्राला आज ओळखीचं असलेलं रूप मिळालं ते कोलंबियात. बोगोटा इथल्या ‘सिन्व्हा’ या गृहनिर्माण संस्थेत काम करणारे चिलीचे अभियंते राउल रामिरेझ यांनी १९५०च्या दशकाच्या मध्याला ‘सिन्व्हा-रॅम’ बनवलं. वजन साधारण ६५ किलो. दोन माणसं सहज उचलून नेतील. वीज नाही, इंजिन नाही. खेड्यातल्या गवंड्याला वेल्डिंग करून दुरुस्त करता येईल इतके मोजके भाग.

त्याची रचना अशी. खाली फळीवर घट्ट बसवलेली लोखंडी पेटी. तिच्या आत वर-खाली सरकणारा तळ, म्हणजेच दट्ट्या. पेटीवर बाजूला फिरणारं झाकण. आणि सगळ्यांत वर उभा राहणारा लांब दांडा, ज्याच्या बुडाशी सांध्यांची जोडणी. पेटीत मोजून माती भरायची, कोपरे बोटांनी दाबायचे, झाकण फिरवून बंद करायचं, दांडा उभा करून अडकवायचा आणि एका बाजूला जमिनीकडे ओढायचा. दट्ट्या खालून वर येतो आणि झाकणाखाली माती आवळली जाते. मग दांडा परत उभा, अडकण मोकळी, झाकण बाजूला आणि दांडा दुसऱ्या बाजूला ओढायचा. आता तोच दट्ट्या ठोकळा पेटीबाहेर वर ढकलतो. तो दोन्ही तळव्यांनी कडांना धरून उचलून सावलीत नेऊन ठेवायचा.

खुबी सांध्यात आहे. वाकलेला गुडघा सरळ करताना शेवटच्या टप्प्यात पायात सगळ्यांत जास्त जोर येतो, तसंच इथे होतं. माती भुसभुशीत असताना दट्ट्या भराभर वर सरकतो, कारण तेव्हा जोर कमीच लागतो. माती घट्ट होत जाते तसा सांधा सरळ होत जातो, दट्ट्या सावकाश चालतो आणि दाब वाढत जातो. अखेरीस चौरस सेंटिमीटरला सुमारे वीस किलो दाब बसतो. २९ × १४ सेंटिमीटरच्या ठोकळ्यावर म्हणजे आठ टनांच्या आसपास, आणि तोही दांड्याला लोंबकळणाऱ्या एका माणसाच्या वजनावर.

या यंत्राबरोबर माती पारखायची साधी रीतही रुळली. मूठभर माती दाबून गोळा करायचा आणि छातीच्या उंचीवरून कठीण जमिनीवर सोडायचा. फुटून भुगा झाला तर माती कोरडी, तसाच चपटा बसला तर ओली, मोजक्या तुकड्यांत फुटला तर बरोबर. दुसरी चाचणी आकुंचनाची. २४ इंच लांबीच्या पेटीत ओली माती भरून सुकू द्यायची आणि ती टोकापासून किती आत सरकली ते मोजायचं. अर्ध्या इंचाच्या आत असेल तर अठरा भाग मातीला एक भाग सिमेंट. दीड-दोन इंचांवर गेली तर बारा भागांना एक.

राहात्याची अडचण इथेच सुरू होते. अस्सल काळी माती या पट्टीत मावतच नाही; तिचं आकुंचन दोन इंचांवर थांबत नाही. आणि सिमेंट वाढवत नेलं तर ठोकळा भाजक्या विटेहून महाग पडतो.

भारतात मातीत सिमेंट मिसळण्याचा मोठा प्रयोग फाळणीनंतर झाला. १९४८ साली कर्नालला निर्वासितांसाठी सुमारे चार हजार घरांच्या भिंती सिमेंट मिसळलेल्या धुमसलेल्या मातीच्या बांधल्या गेल्या. माती-सिमेंटच्या ठोकळ्यांचं भारतीय मानक, आयएस १७२५, १९६० साली आलं. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत १९७४ साली ए. के. एन. रेड्डी यांनी ‘अस्त्र’ हा ग्रामीण तंत्रज्ञानाचा गट उभा केला. त्यातल्या के. एस. जगदीश आणि सहकाऱ्यांनी ‘अस्त्रम’ हे हातयंत्र घडवलं. तत्त्व तेच, तरफ आणि सांध्याचं. मापं मात्र आपल्या भिंतीला साजेशी, ३०५ × १४३ × १०० आणि २३० × १९० × १०० मिलिमीटर. या गटाच्या कामातून एक गोष्ट पक्की झाली: ठोकळ्याच्या मातीत वाळू दोन तृतीयांशाच्या आसपास हवी, चिकणमाती थोडकीच. बंगळूरच्या तांबड्या मातीत हे जमवणं सोपं. काळ्या मातीत आधी वाळू घालायची, वर सिमेंटऐवजी किंवा सिमेंटबरोबर चुना द्यायचा, तेव्हा कुठे तिची फुगण्याची खोड कमी होते. नगर जिल्ह्याच्या शिवारात चुनखडी मुबलक आहे, पण ती भाजून, विरवून, मातीत मुरवून घ्यायला दिवस लागतात. एवढी उस्तवार कुठल्या भट्टीवाल्याने करावी?

कष्टांचा हिशोब मांडला तर यंत्राचं पारडं हलकंच पडतं. हातयंत्रावर टोळी दिवसाला तीनशे-चारशे ठोकळे काढते. एक ठोकळा साधारण अडीच विटांएवढा धरला तर हजारभर विटांचं काम झालं. पण त्याला चाळणारा, कालवणारा, भरणारा, दांडा ओढणारा, वाहणारा अशी माणसं लागतात. साच्यावर नवरा-बायकोची जोडी जवळजवळ तेवढंच काम करते आणि साच्याची किंमत यंत्राच्या तुलनेत नगण्य. म्हणजे या यंत्राने माणसाचे हात वाचवले नाहीत. त्याने वाचवलं ते मातीतलं पाणी आणि भट्टीतलं जळण, कारण दाबलेला ठोकळा भाजावा लागत नाही. जिथे लाकूड, कोळसा दुर्मीळ होता आणि माती वाळूसर होती, तिथे ते चाललं. कारखान्यांच्या पट्ट्यात जळणाचीही तितकी ओढ नव्हती. चिपाड, पाचट, बॉयलरची राख हाताशी होती. राखेने काळ्या मातीचं आकुंचनही आवरलं आणि तिच्यातल्या अर्धवट जळालेल्या कणांनी वीट आतून भाजायला मदतही केली. यंत्राने जे दोन फायदे दिले असते ते इथे राखेने दिले, तेही साच्यातल्याच विटेला.

राखेनेच पुढे साच्याला अडचणीत आणलं. केंद्र सरकारच्या १९९९ सालच्या अधिसूचनेने औष्णिक वीजकेंद्रांपासून ५० किलोमीटरच्या आतल्या वीटभट्ट्यांना मातीत किमान पाव हिस्सा राख मिसळणं बंधनकारक केलं; २००३ साली हे अंतर १०० किलोमीटर झालं. नाशिकजवळच्या एकलहरे केंद्रामुळे गोदावरी खोऱ्याचा मोठा भाग या वर्तुळात आला. पण वीजकेंद्राच्या बारीक राखेला दुसराही रस्ता होता: ती चुना, जिप्सम किंवा सिमेंट आणि कचखडीबरोबर मिसळून दाबयंत्रात घालायची आणि भट्टी पूर्ण टाळायची. शिर्डीत लॉज, भक्तनिवास, व्यापारी गाळे झपाट्याने वाढत गेले आणि बिल्डरांना एकाच मापाचे, लवकर मिळणारे ठोकळे हवे होते. दांडा ओढणाऱ्या माणसाच्या जागी हायड्रॉलिक दट्ट्या आणि थरथरणारं टेबल आलं. क्वांतरोंच्या यंत्रापासून चालत आलेलं, ओलसर माल आणि दाब हे तत्त्व मात्र त्यातही जसंच्या तसं आहे.

फरक पडला तो पाणी कधी लागतं यात. साच्यातली वीट सगळं पाणी पहिल्याच दिवशी घेते आणि नंतर तिला पाण्यापासून जपावं लागतं. सिमेंट किंवा चुन्याने बांधलेला ठोकळा पेटीतून निघताना जवळजवळ कोरडा असतो, पण त्याला ताकद यायची तर पुढचे दोन ते तीन आठवडे त्याच्यावर सतत पाणी मारावं लागतं. बांधकामाचा जोर असतो डिसेंबर ते मे. याच महिन्यांत कालव्याचं आवर्तन लांबतं आणि विहिरी तळाला जातात. त्यामुळे ठोकळ्यांचा कारखाना काढणारा जागा निवडताना रस्त्याइतकीच विहीर किंवा बोअर पाहतो. ते पाणी उन्हाळ्यात आटलं की ठोकळ्यांवर गोणपाट आणि प्लास्टिक अंथरून कमी पाण्यात ओल टिकवतात, नाहीतर टँकर मागवून त्याचा खर्च ठोकळ्याच्या भावात चढवतात.